पालखीचा हिशेब आणि पाखाडीचा हिशेब

शिमगा आटोपला की पालखी सहाणेवरून, म्हणजे ती बसते त्या चौथऱ्यावरून, पुन्हा देवळात जाते आणि त्यानंतरच्या रविवारी कोकणातल्या आमच्या गावकीची बैठक बसते. खजिनदार वही उघडून एकेक रक्कम मोठ्याने वाचतो: कापूर, उदबत्ती, ढोलाचे कातडे, घरटी वर्गणी, मानाच्या नारळांचा लिलाव. यंदा नारळांची खरेदी वाचली गेली तेव्हा खांबाला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने डोळे न उघडताच विचारले, "वाडीवाडीतून नारळ आले होते, मग विकतचे दीडशे कशाला?" खजिनदाराने मागचे पान उलटले, कोणत्या दिवशी किती नारळ फुटले ते सांगितले, दोघातिघांनी बोटे मोजली, एकजण 'बरोबर हाय' म्हणाला आणि वाचन पुढे सरकले. साठ-पासष्ट हजारांच्या जमाखर्चाला अडीच तास लागले आणि तेवढ्या वेळात कोणी उठून गेले नाही.

ज्या सहाणेवर ही बैठक बसते तिथून खाली पऱ्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, जाणारी पाखाडी (पायऱ्यांची वाट) तीन वर्षांपूर्वी बांधली गेली. तिच्या तोंडाशी लावलेल्या फलकावर नऊ लाखांचा आकडा आहे. दुसऱ्याच पावसाळ्यात कडेचे चिरे सुटले आणि मधल्या पायऱ्यांचा वरचा थर पऱ्यातून वाहून गेला. दीडशे नारळांचा जाब विचारणाऱ्या गावाने या नऊ लाखांचा जाब एकाही ग्रामसभेत विचारलेला नाही.

यावर शहरातले लोक दोन कारणे देतात: गावचा माणूस घाबरतो, आणि त्याला समजत नाही. दोन्ही मला पटत नाहीत. हातभर बांधासाठी तीन पिढ्या दिवाणी कोर्टात जाणारा कोकणी माणूस वादाला भितो असे म्हणणे धाडसाचे आहे, आणि समज किती आहे ते नारळांच्या चौकशीत दिसलेच. खरा फरक कागदाच्या जागेचा आहे. पालखीची वही गावात असते, ती आपल्या भाषेत लिहिलेली असते आणि ठरलेल्या दिवशी सर्वांसमोर उघडते. पाखाडीचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि पूर्णत्वाचा दाखला तालुक्याच्या गावी, पंचायत समितीच्या बांधकाम विभागाच्या कपाटात असतात. नारळांचा प्रश्न विचारायला काही पडत नाही, पाखाडीचा प्रश्न विचारायला पैसे आणि दिवस पडतात. भ्रष्टाचाराविरुद्ध काम करणाऱ्या स्थानिक गटांना आर्थिक साहाय्य द्यावे की नाही, हा वाद मला या खर्चापासून सुरू करावासा वाटतो, कारण बहुतेक चर्चेत तो खर्चच बाजूला राहतो.

बँकेतून निवृत्त होऊन मी गावी राहायला आलो तेव्हा वाडीतल्या तिघा मुलांबरोबर मी ही पाखाडी हाती घेतली. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा. महाराष्ट्राच्या २०१२च्या नियमांप्रमाणे त्यात विषय एकच आणि शब्द दीडशेच्या आत. तीस दिवसांनी उत्तर आले की मागितलेली माहिती 'विस्तृत स्वरूपाची' आहे. मग वीस रुपयांचा मुद्रांक लावून पहिले अपील आणि त्याची सुनावणी. सकाळच्या एसटीने जायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परतायचे, कारण मधली गाडी गेल्या वर्षीच बंद झाली. शेवटी दोन रुपये पानाप्रमाणे ६४ पानांचे १२८ रुपये भरले आणि कागद हाती आले, तर मोजमाप पुस्तिकेतली इंग्रजी आद्याक्षरे आम्हाला वाचता येईनात. शेजारच्या गावातल्या एका निवृत्त ओव्हरसियरनी ती अर्ध्या तासात उलगडून सांगितली आणि टेप घेऊन स्वतः पाखाडीवर आले. पुस्तिकेत लांबी ११८ मीटर होती. टेपवर ती ९१ भरली. सुटलेल्या पायरीच्या कडेला काँक्रीटची जाडी दिसत होती, तीही लिहिल्यापेक्षा दोन बोटे कमी. आम्ही लेखी तक्रार दिली आणि 'पुनर्मोजणीचा अहवाल मागविण्यात येत आहे' असे पत्र आले. ते येऊन आता अकरा महिने झाले.

या सगळ्याला सरकारी शुल्क दोनशे रुपयांच्या आत लागले. पण तालुक्याच्या पाच खेपा, झेरॉक्स, रजिस्टर पोस्ट आणि ओव्हरसियरांचे रिक्षाभाडे धरले तर खर्च तीन हजारांपुढे गेला, आणि तो माझ्या पेन्शनमधून झाला म्हणून कोणाला जाणवला नाही. आंब्याच्या बागेत रोजाने जाणाऱ्या माणसाला याच कामासाठी पाच दिवसांची मजुरी सोडावी लागली असती. राज्य सरकारने २०१८ साली दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात कार्यालयांतले अभिलेख नागरिकांना पाहू देण्याचा निर्णय काढला. निर्णय चांगला आहे, पण सोमवारी दुपारी तीनला तालुक्यात कोण जाऊ शकतो, याचे उत्तर निवृत्त माणूस किंवा ठेकेदार असेच येते.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की असे काम करणाऱ्या गटांना पैसा दिला पाहिजे आणि तो लाजत न देता दिला पाहिजे. भ्रष्टाचाराविरुद्धचे काम निःस्वार्थ असले पाहिजे, म्हणजे ते फुकट झाले पाहिजे, ही आपली समजूत ज्यांच्याकडे रिकामा वेळ आहे त्यांच्याच हाती हे काम ठेवते. परंतु पैसा कशासाठी द्यायचा आणि कोणी द्यायचा, हे दोन प्रश्न सोडवल्याशिवाय तो दिला तर फायद्यापेक्षा नुकसान अधिक होईल, असेही माझे मत आहे.

स्थानिक गटांना आज पैसा मिळत नाही, हेच मुळात खरे नाही. वाडीच्या क्रिकेट स्पर्धेचा चषक आणि टी-शर्ट, भजनी मंडळाचा पखवाज, महिला मंडळाची मोठी पातेली, गणेशोत्सवाचा मंडप, मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाचे नाट्यगृह, यांतले काय काय कोणी दिले हे गावात सर्वांना ठाऊक असते. देणारा बहुधा त्याच रस्त्याचा, त्याच नळपाणी योजनेचा ठेकेदार असतो किंवा पुढच्या निवडणुकीचा उमेदवार. यात लाच म्हणावे असे काही नसते. पण ज्याने पखवाज दिला त्याच्या साकवाचे (ओढ्यावरच्या छोट्या पुलाचे) सिमेंट मोजायला भजनी मंडळ जाणार नाही, आणि तसे ते गेले नाही म्हणून त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. समाजाच्या संघटनांना निधी देण्याचे महत्त्व शासनाच्या आणि देणगीदार संस्थांच्या आधी ठेकेदारांना कळले, एवढेच यातून निघते.

पैसा कशासाठी द्यावा, याचे उत्तर शोधताना मला इंडोनेशियातला एक प्रयोग फार उपयोगी वाटला. जावा बेटावरच्या सहाशेहून अधिक गावांत रस्त्यांची कामे चालू असताना बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञाने काही गावांत सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार असे आधी जाहीर होऊ दिले आणि काही गावांत लोकांचा सभांमधला सहभाग वाढवला. मग रस्ते खोदून, नमुने काढून, दाखवलेला खर्च आणि प्रत्यक्षातला माल यांतली तफावत मोजली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लेखापरीक्षणाची शक्यता चार टक्क्यांवरून शंभर टक्क्यांवर नेल्याने गहाळ खर्च आठ टक्केबिंदूंनी घटला, तर लोकसहभागाचा सरासरी परिणाम नगण्य निघाला. लोकसहभाग म्हणजे भाबडेपणा, असे मानणारे हा निष्कर्ष आनंदाने सांगतात. ते एक बारकावा सोडून देतात. लोकांच्या सहभागाने मजुरीतली चोरी कमी झाली होती, कमी झाली नाही ती मालातली. मजुराला आपले पैसे किती मिळाले ते कळते, रस्त्याच्या पोटात खडी किती गेली ते कळत नाही. आमच्या पाखाडीवर नेमके हेच घडले. चिरे सुटलेले सर्वांनी पाहिले होते, पण ११८ आणि ९१ हा फरक ओव्हरसियर येईपर्यंत कोणाला दिसला नव्हता.

तेव्हा निधी हवा तो मोर्चासाठी, फलकांसाठी, जनजागृतीच्या कार्यशाळांसाठी नव्हे. कागद मिळवणे, तो वाचता येणे आणि जागेवर मोजणे या तीन कंटाळवाण्या कामांसाठी तो हवा. माहिती अधिकार कायद्याच्या व्याख्येतच काम पाहण्याचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकार आहे. कायदा १२ ऑक्टोबर २००५ला पूर्णपणे लागू झाला, तरी वाळू-सिमेंटचा नमुना मागणारा अर्ज आमच्या भागात मी अजून पाहिलेला नाही. नमुना घेतला तर तो तपासणार कोण आणि प्रयोगशाळेचे पैसे देणार कोण, इथेच गाडे अडते.

जाणकार माणूस नसल्याची किंमत केवळ पैशांत नसते. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९च्या रात्री फुटले आणि वीसच्या आसपास माणसे गेली. धरणाला गळती असल्याचे ग्रामस्थांनी आधी सांगितले होते, आणि फुटल्यानंतर तत्कालीन मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला. त्या धरणात गैरव्यवहार झाला होता की नाही, यावर मी इथे बोलत नाही. मला दिसते ते असे की गावाची तक्रार 'पाणी झिरपते' एवढ्यावर थांबते आणि तिला तांत्रिक अहवालाचे रूप देणारा कोणी गावाच्या बाजूला नसतो, त्यामुळे ती बाजूला ठेवणे सोपे जाते.

आता पैसा कोणाचा? राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना येथे पहिली जनसुनावणी घेतली आणि हजेरीपटावरची नावे व बिले लोकांसमोर मोठ्याने वाचली. आमचा खजिनदार करतो तेच, फक्त सरकारी कागदांवर. त्या संघटनेने संस्थांची अनुदाने न घेता व्यक्तींच्या देणग्यांवर चालण्याचा मार्ग धरला. त्यामुळे तिला विकत घेतले असे कोणी म्हणू शकले नाही. दुसरा मार्ग आंध्र प्रदेशाचा. २००५च्या रोजगार हमी कायद्याच्या सतराव्या कलमाने ग्रामसभेवर सामाजिक अंकेक्षणाची, म्हणजे लोकांनीच कामांचा हिशेब तपासण्याची, जबाबदारी टाकली होती. ती पार पाडण्यासाठी त्या राज्याने स्वतंत्र सोसायटी स्थापन केली, मजूर कुटुंबांतल्या शिकलेल्या मुलामुलींना हजेरीपट आणि मोजमाप वाचायला शिकवले आणि योजनेच्या खर्चाचा अर्धा टक्का या कामासाठी राखून ठेवला. पैसा सरकारचाच, पण योजना राबवणाऱ्या हातातून तो जात नाही, हे त्यातले मर्म आहे. मेघालयाने २०१७ साली इतर सार्वजनिक योजनांसाठीही सामाजिक अंकेक्षणाचा कायदा केला.

आपल्याकडे याच्या उलट चालते. जल जीवन मिशनमध्ये गावाला मदत करण्यासाठी अंमलबजावणी सहाय्य संस्था नेमण्याची तरतूद आहे. कागदावर हा समाजसंघटनांना मिळणारा निधीच आहे. पण संस्थेची नेमणूक आणि तिचे बिल त्याच यंत्रणेच्या हातात असते जिच्या नळाला पाणी येते की नाही हे पाहायचे असते. अशा संस्थेने टाकी गळते असा अहवाल लिहावा, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही. त्यामानाने महाराष्ट्रातच २००७पासून ठाण्यासह पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर जी लोकाधारित देखरेख सुरू झाली तिच्यात काही वेगळे घडले. निधी आरोग्य अभियानाचाच होता, पण काम बिगरसरकारी संस्थांमार्फत चालले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली औषधे बाहेरून का आणावी लागतात, हे जनसुनावणीत डॉक्टरांना समोरासमोर विचारले गेले. विचारणारा आणि उत्तर देणारा एका मांडवात बसले, हीच त्यातली नवी गोष्ट.

परदेशी देणगीचा मार्ग मी सुचवणार नाही. २०२०च्या दुरुस्तीनंतर परकीय निधी घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, त्यामुळे दिल्ली-मुंबईतल्या मोठ्या संस्थेकडून वाडीतल्या गटाकडे पैसा झिरपण्याची वाट कायद्यानेच बंद आहे. शिवाय गावच्या राजकारणात 'परदेशातून पैसे येतात' हे एक वाक्य अख्खा गट निकामी करायला पुरते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून शाळेला बाके आणि रुग्णवाहिका मिळतात. सरकारी परवान्यांवर चालणारी कंपनी सरकारी मोजमाप पुस्तिका तपासायला पैसे देईल, असे मला वाटत नाही.

एक आक्षेप मात्र मी टाळू शकत नाही, कारण तो खरा आहे. 'माहिती अधिकारवाला' हा शब्द आमच्या तालुक्यात आदराने उच्चारला जात नाही. अर्ज टाकायचा, कागद मिळवायचे, ठेकेदाराला फोन करायचा आणि काही हजारांत अर्ज 'निकाली' काढायचा, असा धंदा काहींनी केला आहे, आणि त्यामुळे प्रामाणिक अर्जदाराकडेही 'याचा भाव किती' अशा नजरेने पाहिले जाते. पैसा आला की हे वाढेल, ही भीती निराधार नाही. त्यावर उपाय पैसा रोखण्यात नाही, व्यवहार उघडा ठेवण्यात आहे. अर्ज कोणा एकाच्या नावावर असला तरी तो केल्याचे वाडीच्या बैठकीत आधी सांगितलेले असावे, मिळालेला प्रत्येक कागद देवळात किंवा शाळेत वाचला जावा, आणि सुरू केलेली तक्रार बैठकीला विचारल्याशिवाय मागे घेता येऊ नये. तक्रारीमागे मोबदला तर कधीच देऊ नये. ज्या गटाला तक्रारींच्या संख्येवर पैसे मिळतात तो तक्रारी पिकवतो. खोटी तक्रार, मग ती ग्रामसेवकाविरुद्ध असो की सरपंच बाईंविरुद्ध, हाही एक अन्यायच आहे, आणि राखीव जागेवर निवडून आलेल्या स्त्रियांना तो जास्त भोगावा लागतो.

गटामागे माणसे असण्याला आणखी एक कारण आहे. तळेगाव दाभाडे येथे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१०ला खून झाला. माहिती मागणारा एकटा आहे हे सर्वांना माहीत असले की त्याला गाठणे सोपे जाते. गैरव्यवहार उघड करणाऱ्या जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली संमत केला, पण तो अजून अंमलात आलेला नाही. तोवर दहा जणांच्या सह्या असलेला अर्ज हेच संरक्षण.

निधीचा आकडा किती असावा याचा मी माझ्यापुरता अंदाज बांधला आहे. दहा ग्रामपंचायतींमागे एक अर्धवेळ, शिकलेला, शक्यतो त्या पंचायतींबाहेरचा कार्यकर्ता किंवा कार्यकर्ती, गरजेनुसार बोलावता येईल असा निवृत्त अभियंता, प्रवास, प्रती आणि वर्षाला दोन-तीन नमुन्यांची तपासणी, असे धरले तर साधारण दीड लाख होतात, म्हणजे एका ग्रामपंचायतीमागे वर्षाला पंधरा हजार. नऊ लाखांच्या एका पाखाडीच्या दोन टक्क्यांहूनही हे कमी आहे. आमच्याकडे 'टक्केवारी' हा शब्द ज्या अर्थाने वापरतात, त्या अर्थाची टक्केवारी दोनवर थांबल्याचे मी ऐकलेले नाही. ही रक्कम विकासकामांच्या निधीतून कापून जिल्हा परिषदेच्या अखत्यारीबाहेरच्या राज्यस्तरीय सामाजिक अंकेक्षण यंत्रणेमार्फत द्यावी, आणि तितकीच भर गावाने घालावी. गावाच्या भरीशिवाय सरकारी पैसा देऊ नये, कारण जिथे आपले शंभर रुपये गेले आहेत तिथला हिशेब माणूस ऐकतो.

अर्थात मोजणीनंतर पुढे काहीच घडत नसेल तर हा सगळा खर्च वाया जाईल. सामाजिक अंकेक्षणातून निघालेल्या रकमांपैकी प्रत्यक्ष वसूल होणारा भाग देशभर फारच थोडा आहे, आणि आमचे अकरा महिन्यांचे पत्र त्याच रांगेत उभे आहे. पुनर्मोजणी किती दिवसांत करायची, याची मुदत आणि ती चुकवणाऱ्यावर दंड हे निधीच्या बरोबरीनेच आले पाहिजेत. ग्रामसभेचा उपयोगही मोजून करावा लागेल. गणपूर्तीला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार लागतात, पण ती न होता सभा तहकूब झाली की पुढच्या बैठकीला गणपूर्तीची अट राहत नाही, आणि मग बारा माणसांत वर्षभराची कामे मंजूर होतात. घरोघरी चाकरमानी आलेले असतात तो मे महिना आणि गणपतीचे दिवस, पण त्यांची नावे मुंबई-ठाण्याच्या मतदारयादीत असतात. त्यांना ग्रामसभेत मत नाही. पैसा मात्र ते देऊ शकतात आणि गावच्या मंडपासाठी ते ठेकेदाराच्या उपकारात नाहीत.

हे मी गेल्या महिन्यात आमच्या मंडळाच्या मुंबईतल्या सभेत मांडले. लालबागच्या एका चाळीतल्या दोन खोल्यांत पस्तीस माणसे बसली होती. वर्षाला पंचवीस हजार रुपये गावच्या कामांचे कागद मिळवण्यासाठी आणि मोजणीसाठी वेगळे ठेवावेत, असा ठराव होता. विरोध फारसा झाला नाही. अडचण निघाली ती वेगळीच: मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाचे नाट्यगृह गेली चार वर्षे ज्याच्या पैशाने मिळते त्याचेच काम आम्ही प्रथम मोजणार होतो. एकाने सुचवले की नाट्यगृह यंदा घेऊ, मोजणी पुढल्या वर्षी करू. दुसऱ्याने म्हटले की कार्यक्रम शाळेच्या पटांगणात केला तर काय बिघडते. तासभर बोलणे झाले आणि नाट्यगृहाचा निर्णय गणपतीपर्यंत पुढे गेला, पंचवीस हजार मात्र मंजूर झाले. उठताना खजिनदाराने विचारले की या पैशाचा हिशेब कुठे वाचायचा. शिमग्याच्या बैठकीत, असे ठरले, आणि तो नारळांच्या आधी वाचायचा.